फ्लॉवरचा गड्डा, वाटाण्याचे तणावे आणि खपलीचे तूस

बेळगाव तालुक्यातून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणाऱ्या भाजीच्या गाड्यांत जो पांढरा फ्लॉवर रचलेला असतो, त्यात उमललेले सोडाच, धड आकाराला आलेले एकही फूल सहसा सापडत नाही. गड्ड्याचा लहानसा तुरा मोडून भिंगाखाली धरला, तर त्याच्या पृष्ठभागावर अगणित बारीक, गोलसर उंचवटे दिसतात. हे सारे वाढीचे शेंडे होत. त्यांतील प्रत्येक शेंडा फूल होण्याच्या वाटेला लागतो, अर्ध्यावर ती वाट सोडतो आणि स्वतःच्या अंगावर नवे शेंडे काढतो. ते नवे शेंडेही तसेच वागतात, आणि असे पुनःपुन्हा घडत गेल्याने तो घट्ट गोळा वाढत जातो. शेतकऱ्याला ते पीक आहे, व्यापाऱ्याला माल आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती जनुकांतील बिघाडाची, माणसाने शेकडो वर्षे जपलेली अवस्था आहे. आपल्या शिवारातील पिकांची पाने-फुले आज ज्या आकाराची दिसतात, त्यांतील बराचसा आकार अशा बदललेल्या जनुकांनी दिलेला आहे, असे मी विद्यार्थ्यांना वर्गात सांगतो. त्याला जोडून आणखी एक गोष्ट सांगावी लागते: शेतात दिसणारे प्रत्येक विचित्र झाड हा उत्परिवर्तनाचा, म्हणजे जनुकातच घडलेल्या बदलाचा, प्रकार नसतो. या दुसऱ्या मुद्द्यावर पुढे मी जरा जास्तच रेंगाळणार आहे, कारण आपल्या भागात त्यापायी पैसा आणि हंगाम दोन्ही वाया जाताना मी पाहिले आहेत.

आधी फ्लॉवरविषयी. मोहरीच्याच कुळातील अरॅबिडॉप्सिस हे वीतभर उंचीचे रोपटे प्रयोगशाळांत फार वापरले जाते, कारण त्याची पिढी दोन महिन्यांच्या आत पूर्ण होते आणि त्याची जनुकसंपदा लहान आहे. या रोपट्यातील अपेटाला-१ हे जनुक बिघडले, तर फुलांत दोष दिसतात, पण फुले येतात. त्याच्या जोडीला आणखी एक जनुक बिघडले, तर मात्र फुलांच्या जागी फ्लॉवरसारखे बारीक गड्डे धरतात. म्हणूनच त्या दुसऱ्या जनुकाला कॉलिफ्लॉवर हेच नाव मिळाले. १९९५ मध्ये हे जनुक वेगळे करण्यात आले आणि आपण खातो त्या भाजीतील त्याचे भावंडही तपासले गेले, तेव्हा त्यात प्रथिनाची बांधणी मध्येच थांबवणारा बदल आढळला. एकट्या त्या बदलाने मंडईतला फ्लॉवर पूर्णपणे उलगडत नाही. पुढे २०२१ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी संगणकीय प्रारूपाच्या आधारे दाखवले, की या शेंड्यांना फूल होता येत नाही, परंतु थोडा वेळ फुलाच्या अवस्थेतून गेल्याचा परिणाम त्यांच्यावर राहतो आणि त्यामुळे ते पाने न काढता फांद्यांवर फांद्या काढत राहतात. रोमनेस्को नावाच्या हिरव्या, टोकदार शंकूंच्या जातीत या शेंड्यांचा आकार वाढीबरोबर मोठा होत जातो आणि तेवढ्या फरकाने गोल गड्ड्याऐवजी शंकूंवर शंकू रचले जातात.

फ्लॉवर पिकवणाऱ्यांना या यंत्रणेचा परिचय वेगळ्या वाटेने झालेला असतो. गड्डा धरण्याच्या काळात ऊन वाढले, की कधी गड्ड्याच्या पृष्ठभागावर भाताच्या कणीसारखे पांढरे दाणे उठतात आणि तो केसाळ दिसतो, तर कधी गड्ड्यातून हिरवी-गुलाबी बारीक पाने डोकावतात. दर पडतो आणि दोष बियाण्याला दिला जातो. प्रत्यक्षात पहिल्या प्रकारात अर्ध्यावर थांबलेले शेंडे थोडे पुढे सरकून कळ्या बनू लागलेले असतात, तर दुसऱ्या प्रकारात दडपलेली पाने पुन्हा वर येत असतात. जनुकांतील बदल तोच असतो, पण तापमान त्याच्या परिणामाला इकडे-तिकडे ढकलते. थंडीत धरणाऱ्या जाती आणि उष्ण महिन्यांत धरणाऱ्या भारतीय जाती वेगळ्या ठेवाव्या लागतात त्या याच कारणाने, आणि चुकीच्या महिन्यात चुकीची जात लावली तर उत्तम बियाणेही वाईट ठरते.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली या चारही भाज्या वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच जातीच्या आहेत, हे सांगितले की वर्गात मुले हसतात. कोबीत शेंड्याकडील पाने मिटून घट्ट बसली, नवलकोलात खोड फुगले, ब्रोकोलीत फुले कळीपर्यंत येऊन थांबली आणि फ्लॉवरमध्ये त्याहून कितीतरी आधी. युरोपातील समुद्रकाठच्या एका रानटी रोपातून माणसाने केवळ निवडीच्या जोरावर एवढे अंतर कापले.

आता फूल म्हणजे नेमके काय, याकडे वळतो. फुलाचे सारे भाग ही बदललेली पानेच होत, असे जर्मन कवी आणि निसर्ग-अभ्यासक गटे यांनी १७९० मध्ये मांडले होते. त्यांच्याजवळ निरीक्षण होते, पुरावा नव्हता. तो मिळायला दोनशे वर्षे लागली. १९९१ मध्ये एन्रिको कोएन आणि एलियट मेयेरोविट्झ यांनी, एकाने श्वानमुखाच्या (स्नॅपड्रॅगनच्या) फुलांवर आणि दुसऱ्याने अरॅबिडॉप्सिसवर केलेल्या कामाचा मेळ घालून, एक साधे प्रारूप पुढे ठेवले. फुलात बाहेरून आत चार वलये असतात: हिरवी निदले, पाकळ्या, पुंकेसर आणि स्त्रीकेसर. या चार वलयांचा निर्णय जनुकांचे तीनच गट घेतात. ‘अ’ गट एकटा कार्यरत असेल तेथे निदल होते, ‘अ’ आणि ‘ब’ एकत्र असतील तेथे पाकळी, ‘ब’ आणि ‘क’ एकत्र असतील तेथे पुंकेसर, आणि ‘क’ एकटा असेल तेथे स्त्रीकेसर. ‘अ’ आणि ‘क’ हे दोघे एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत. ‘क’ गटातील अगॅमस हे जनुक बंद पडले, की ‘अ’ची सत्ता मध्यापर्यंत पसरते, पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात, स्त्रीकेसराच्या जागी पुन्हा नवे फूल सुरू होते आणि पाकळ्यांवर पाकळ्या येत राहतात. बागेतल्या अनेक भरगच्च दुहेरी फुलांच्या मुळाशी याच हद्दीची कमी-अधिक सरकासरक असते. तिन्ही गट एकाच वेळी निकामी केले, तर चारही वलयांत पानासारखे अवयव येतात. गटे यांचे म्हणणे त्या झाडावर अक्षरशः वाचता येते.

हे प्रारूप मला जितके सुंदर वाटते, तितकेच ते पाठ्यपुस्तकात रुक्ष होऊन जाते, याची खंत आहे. चार वलयांची आकृती पाठ करून घेतली जाते. घरामागची दुहेरी जास्वंद तोडून तिच्यात पुंकेसरांच्या काही पाकळ्या अर्ध्याच बनल्या आहेत, टोकाला अजून परागकोश शिल्लक आहे, हे कोणी दाखवत नाही.

खानापूरकडच्या भातशेतीला हेच प्रारूप लावले, की आणखी मजेशीर गोष्ट हाती येते. भाताच्या फुलाला पाकळ्या दिसत नाहीत. दोन तुसांच्या आत दोन इवलेसे पारदर्शक खवले असतात. ते पाणी शोषून फुगतात आणि सकाळी उन्हाच्या वेळी तूस उघडते. हे खवले म्हणजे पाकळ्यांचे भाताने केलेले रूपांतर. ‘ब’ गटातले जनुक बिघडलेल्या भातात खवल्यांच्या जागी तुसासारखे अवयव येतात आणि सहाही पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसर येतात. ज्यात सहा नर अवयवांच्या जागी स्त्री अवयव येतात, अशा त्या झाडाला जपानी संशोधकांनी सुपरवूमन हे नाव दिले. त्याच जनुकात सौम्य बदल झाला, तर खवले फुगत नाहीत, तूस उघडत नाही आणि परागण बंद तुसातच उरकते. परागकण शेजारच्या शेतात जाऊ नयेत असे जेथे वाटते, तेथे हा गुण कामाचा आहे.

भाताचे दुसरे उत्परिवर्तन मात्र या संपूर्ण विषयाचे सार वाटावे असे आहे. त्याचे नाव ड्रूपिंग लीफ. हे जनुक निकामी झाले, तर भाताच्या पानाची मधली जाड शीर तयार होत नाही आणि पान ताठ न राहता खाली लोंबते. त्याच झाडाला लोंबी आली की फुलात स्त्रीकेसराच्या जागी पुंकेसर दिसतात, म्हणजे दाणा धरण्याची शक्यताच संपते. एकच जनुक पानात शीर घडवते आणि फुलात बीजकोश घडवते. पान आणि फूल ही दोन वेगळी खाती आहेत असे मानून चालणाऱ्याला हे झाड कोड्यात टाकते.

एकाच जनुकाचा असा दोन्हीकडे हात असणे अपवादात्मक नाही. वाटाण्यात युनिफोलिएटा हे जनुक बिघडले, की संयुक्त पानाचे साधे पान होते आणि त्याच झाडाची फुलेही बिघडून वांझ राहतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये ज्या जनुकाशिवाय शेंड्याचे फूल नीट होत नाही, त्याचेच हे वाटाण्यातील भावंड आहे. सोयाबीनमध्ये असेच आणखी एक जनुक आहे आणि ते शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचे आहे. सोयाबीनची पर्णिका रुंद असते किंवा अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी असते. अरुंद पर्णिकेच्या झाडांवर चार दाण्यांच्या शेंगांचे प्रमाण अधिक असते. हे दोन गुण शेजारी राहणाऱ्या दोन जनुकांचे असावेत, असे पूर्वी समजले जाई. २०१२ मध्ये स्पष्ट झाले, की तो एकाच जनुकातील एका अमिनो आम्लाचा फरक आहे; तेच जनुक पर्णिकेची रुंदी ठरवते आणि शेंगेत किती बीजांडे बसतील हेही ठरवते. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन इतके पेरले जाते, पण पान पाहून शेंगेचा अंदाज बांधता येतो हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

वाटाण्याच्या पानाविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण भात निघाल्यावर ओलीवर वाटाणा, मसूर आणि हरभरा घेणारा आपला भाग आहे. वाटाण्याच्या पानाला तळाशी दोन मोठी उपपर्णे, मध्ये पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला तणावे असतात. अफिला या उत्परिवर्तनात पर्णिकांच्या जागीही तणावेच येतात. उपपर्णे तेवढी राहतात. दुसऱ्या एका उत्परिवर्तनात याच्या उलट, तणाव्यांच्या जागी पर्णिका येतात. दोन्ही उत्परिवर्तने एकाच झाडात आणली, तर पर्णिका किंवा तणावा यांपैकी कोणताच निर्णय पक्का होत नाही आणि पान पुनःपुन्हा फाटे फोडत अगदी बारीक पर्णिकांचा झुपका बनते. यातील अफिला शेतीत टिकले. त्याची झाडे तणाव्यांनी एकमेकांना धरून उभी राहतात, पावसाने लोळत नाहीत, वारा खेळता राहतो आणि यंत्राने कापणी करता येते. पर्णिका गेल्या तर अन्न कोण तयार करणार, अशी शंका येते. हिरवे तणावे आणि उपपर्णे त्यातला मोठा वाटा उचलतात. युरोप आणि कॅनडातील कोरड्या वाटाण्याचे पीक आता प्रामुख्याने अशाच झाडांचे असते आणि भारतातही ‘अपर्णा’सारख्या बुटक्या, पर्णिका नसलेल्या जाती निघाल्या.

हरभऱ्यातही असे प्रकार आहेत. आपल्याकडचा अन्नेगिरी-१ बहुतेक वेळा एका देठावर एकच फूल काढतो; जेजी-६२ सारख्या जातीत एका बदलाने एका देठावर दोन फुले आणि दोन घाटे येतात. घाटे दुप्पट म्हणून उत्पन्न दुप्पट, असा हिशेब कोणी मांडू नये, कारण दाणे भरायला लागणारे अन्न त्याच पानांतून यायचे असते.

कापसाचे उदाहरण सौंदत्ती-रामदुर्गकडच्या वाचकांना जवळचे वाटेल. कापसाच्या रुंद पानाऐवजी भेंडीच्या पानासारखे खोल चिरलेले पान देणारे एक उत्परिवर्तन आहे. अशा पानांमधून ऊन आणि वारा खालपर्यंत पोहोचतो, बोंडे सडण्याचे प्रमाण घटते आणि फवारणीही आतपर्यंत जाते. ऑस्ट्रेलियात सिओक्रा या नावाने अशा पानांच्या जाती दीर्घकाळ लावल्या गेल्या. २०१७ मध्ये या गुणामागचे जनुक निश्चित झाले. हे उदाहरण लक्षात ठेवावे, कारण थोड्याच वेळात त्याचा तोतया येणार आहे.

सर्वांत जास्त जिव्हाळ्याचे उदाहरण मात्र खपलीचे. चिकोडी, रायबाग, अथणीपासून बागलकोटपर्यंत ज्या गव्हाची खीर किंवा हुग्गी सणाला हमखास होते, तो खपली साध्या गव्हाप्रमाणे मळला तर दाणा मोकळा होत नाही. कणीस मोडते, पण दाणे तुसातच अडकून राहतात आणि ते कांडून सोडवावे लागतात. साधा गहू मात्र मळणीतच तूस टाकतो. या फरकामागे दोन-तीन जनुके असली, तरी मुख्य जनुकाचे नाव केवळ एका अक्षराचे आहे: क्यू. फुलाच्या प्रारूपात मघा ज्या ‘अ’ गटाचा उल्लेख केला, त्याच गटातल्या एका जनुकाचे हे कुटुंबीय. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात खपलीचे आणि साध्या गव्हाचे क्यू शेजारी ठेवले, तेव्हा प्रथिनातील एका अमिनो आम्लाचा फरक मिळाला; आणि त्याखेरीज आणखी एक अक्षर बदललेले दिसले, ते अशा ठिकाणी, जेथे एक सूक्ष्म आरएनए येऊन या जनुकाचा संदेश तोडतो. पुढील संशोधनात हा दुसरा बदलच निर्णायक ठरला. संदेश कमी तुटतो, क्यूचे प्रथिन अधिक बनते, तूस मऊ होते, कणीस आखूड आणि भरीव होते. जगभर गव्हाची मळणी सोपी करणारा बदल एवढासा आहे. खपलीने तो स्वीकारला नाही, आणि ज्याला खीर आवडते त्याची त्याबद्दल तक्रार नसावी. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने डीडीके-१००९ आणि डीडीके-१०२५ यांसारख्या बुटक्या खपली जाती काढल्या, त्यांतही तूस घट्टच आहे. बदलली ती उंची.

आता तोतयांकडे येतो. माझे धाकटे काका खानापूर तालुक्यात शेती करतात आणि वेगळे दिसणारे पान दिसले की त्याचा फोटो मला पाठवतात. “काय रे, बियाणंच तसलं हाय की औषध लागलंय?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न असतो आणि माझ्या मते प्रत्येक शेतकऱ्याने तो याच क्रमाने विचारायला हवा. कारण वनस्पतीच्या आकाराचे नियंत्रण जी जनुके करतात, त्यांच्या कामात बाहेरूनही ढवळाढवळ करता येते, आणि त्याचा परिणाम उत्परिवर्तनासारखाच दिसतो.

वांग्याचे पाहा. एखादे झाड झुडपासारखे होते, पाने बोटाच्या पेराएवढी राहतात, फुलांच्या जागी हिरवी पानासारखी बोंडे दिसतात आणि फळ धरत नाही. या रोगाला पर्णगुच्छ म्हणतात. तीळ पेरणाऱ्यांना हाच प्रकार तिळात दिसतो, तेव्हा अख्खे फूल पानांचा झुबका बनलेले असते. पाहणाऱ्याला वाटावे, की मघाचे ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ हे तिन्ही गट नष्ट झाले. जनुके मात्र जागेवर आणि शाबूत असतात. पेशीभित्तिका नसलेला फायटोप्लाझ्मा हा सूक्ष्म जीव तुडतुड्यांच्या तोंडातून झाडाच्या अन्नवाहिन्यांत शिरतो आणि तेथे काही प्रथिने सोडतो. त्यांपैकी एक प्रथिन फूल घडवणारी झाडाची प्रथिने पकडून झाडाच्याच साफसफाईच्या यंत्रणेकडून नष्ट करवते, हे २०११ नंतरच्या संशोधनाने दाखवले. फुलाचे पान व्हावे यात त्या जीवाचा फायदा असा, की हिरवे, कोवळे झाड अधिक काळ टिकते आणि अधिक तुडतुडे त्यावर येतात. अशा झाडाला खत घालणे व्यर्थ आहे. ते उपटून नष्ट करावे आणि तुडतुड्यांचा बंदोबस्त करावा.

दुसरा तोतया कापसावर आणि टोमॅटोवर येतो. शेजारच्या उसात किंवा जोंधळ्यात रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी फवारले जाते, वारा असतो, किंवा तोच पंप नीट न धुता भाजीवर वापरला जातो. हे रसायन झाडाच्या ऑक्सिन या संप्रेरकाची नक्कल करते, आणि पानाचे पाते किती पसरावे हे ठरवण्यात ऑक्सिनचा मोठा वाटा असतो. आठवड्याभरात कापसाची नवी पाने लांब, अरुंद, भेंडीच्या पानासारखी निघतात आणि त्यांच्या शिरा समांतर दिसतात. खुणा स्पष्ट असतात: जुनी पाने नेहमीची, नवी तेवढी बिघडलेली, वाऱ्याच्या दिशेने असलेल्या कडेच्या ओळींत जास्त, आत कमी, आणि त्याच बांधावरचा टोमॅटो, वांगी किंवा द्राक्षवेलही तशीच मुरडलेली. मात्रा कमी असेल तर झाड पुढे सावरते. असे शेत पाहून बियाण्याच्या विक्रेत्याशी झालेली भांडणे मी ऐकली आहेत, आणि त्या वेळी शेजाऱ्याशी बोलणे किंवा स्वतःचा पंप धुणे अधिक उपयोगी पडले असते.

तिसरा तोतया फ्लॉवरचाच आहे. खानापूरच्या पश्चिमेकडील जांभ्या, आम्ल जमिनीत मॉलिब्डेनम झाडाला मिळेनासे होते. तेव्हा पानाचे पाते कमी-कमी होत शेवटी मधली शीर तेवढी उरते आणि पान चाबकासारखे दिसते. अत्यल्प मात्रेतील मॉलिब्डेट आणि चुन्याने सुधारलेली आम्लता यांनी नवी पाने पूर्ववत होतात. मक्याच्या फुटव्यांवरच्या तुऱ्यात कधी दाणे धरतात, तेही बहुधा हवामानाने. मक्यात तुऱ्याचे कणीस करणारी खरी उत्परिवर्तने आहेत, पण ती एका फुटव्यापुरती थांबत नाहीत, मुख्य तुऱ्यालाही सोडत नाहीत.

मग खरे उत्परिवर्तन ओळखायचे कसे? नेहमीच्या शेतात ते बहुधा एकट्यादुकट्या झाडावर दिसते, शेजारचे झाड निरोगी असते, आणि दोष पहिल्या पानापासून किंवा निदान एका संपूर्ण फांदीवर सलग असतो. पक्का निकाल बियाणेच देते. त्या झाडावर पिशवी बांधून स्वपरागण होऊ द्यावे आणि आलेले बी वेगळे पेरावे. गुण अप्रभावी असेल तर सगळी रोपे तशीच निघतात. प्रभावी आणि नवा असेल तर साधारण चारांत तीन. झाड वांझ असेल, जसे ते लोंबत्या पानाचे भात, तर त्याच्या निरोगी दिसणाऱ्या भावंडांचे बी ठेवावे, कारण त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश झाडांत तो गुण लपलेला असतो. येथे एक सावधगिरी हवी. संकरित बियाण्याचे बी घरी ठेवून पेरले, तर उंच-बुटकी, रुंद-अरुंद पानांची मिसळ निघते. ते उत्परिवर्तन नसते. आई-बापांचे गुण पुन्हा वाटले गेलेले असतात.

बदल मुळात दुर्मीळ नाहीत. अरॅबिडॉप्सिसमध्ये मोजले गेले तेव्हा डीएनएच्या दर १०० कोटी अक्षरांमागे एका पिढीत सुमारे ७ नवे बदल मिळाले, म्हणजे जवळजवळ प्रत्येक रोपट्यात एखाददुसरा. त्यांतील बहुसंख्य बदलांचा काहीच परिणाम होत नाही. पान किंवा फूल बदलून दाखवणारा बदल क्वचित होतो, त्यातून उपयोगी क्वचितच, आणि तो नेमका पाहणाऱ्याच्या नजरेस पडणे त्याहून क्वचित. १९१४ मध्ये फ्लोरिडात टोमॅटोचे एक आखूड, आपोआप थांबणारे झाड कोणाच्या तरी नजरेस पडले. त्या एका बदलाने यंत्राने तोडता येणारा टोमॅटो शक्य झाला. आपल्याकडे काठ्या रोवून बांधावा लागतो तो वाढतच राहणारा टोमॅटो म्हणजे तो बदल नसलेला.

अशा बदलाची वाट पाहत बसण्याऐवजी तो मुद्दाम करणे आता शक्य झाले आहे. २००५ मध्ये जपानमध्ये असे आढळले, की भाताच्या काही जातींत सायटोकायनिन या संप्रेरकाचे विघटन करणारे एक जनुक नैसर्गिकरीत्याच कमजोर आहे. त्यामुळे लोंबीच्या शेंड्यांवर ते संप्रेरक साचते, लोंबीला अधिक फाटे फुटतात आणि दाणे वाढतात. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने सांबा मसुरी या भाताच्या जातीत हेच जनुक जनुकसंपादनाने, म्हणजे त्याच्या डीएनएत नेमक्या जागी फेरफार करून, बदलले आणि ४ मे २०२५ रोजी ‘कमला’ या नावाने ती जात केंद्र सरकारने जाहीर केली. तिचा कालावधीही मूळ जातीहून सुमारे वीस दिवसांनी कमी सांगितला गेला. बाहेरच्या जिवाचे जनुक त्यात नाही. आपल्या पट्ट्यात सांबा मसुरीपेक्षा इंद्रायणी आणि इंटाण यांची चाल अधिक आहे, म्हणून ती जात जशीच्या तशी येथे रुजेल असे मला वाटत नाही. हाच बदल उद्या इंद्रायणीत केला गेला, तर मी लोंबीतील दाण्यांच्या संख्येपेक्षा पळिंजाचे, म्हणजे न भरलेल्या पोकळ दाण्यांचे, प्रमाण आधी मोजेन. फाटे वाढवणे जनुकाच्या हातात आहे, पण परतीच्या पावसातल्या ढगाळ दिवसांत ते सगळे दाणे भरून काढणे पानांच्या हातात आहे.